पुढे १५, मागे किती? आरसी ३९० चेन्नईच्या ट्रॅकवर नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काका, मी पुण्याचा. माझ्याकडे पहिल्या पिढीची केटीएम आरसी ३९० आहे. सस्पेन्शन कंपनीचंच, चेनसेटही कंपनीचाच. वजन ७८ किलो. चेन्नईच्या ट्रॅकवर दोन दिवस चालवून आलो. मेन स्ट्रेटच्या शेवटी सहाव्या गियरला आरपीएम ८,६०० च्या वर जात नाही. दोन-तीन कॉर्नरना दुसरा ठेवला तर गाडी ओरडते, तिसरा ठेवला तर झोपते. ब्रेकला पुढचा फोर्क पार खाली बसतो, आणि बाहेर पडताना थ्रॉटल दिला की गाडी लाइन सोडून बाहेर जाते. गॅरेजवाला म्हणतो, पुढे १४ दात्यांचं स्प्रॉकेट (चेनची दातेरी चकती) टाक आणि मागचा शॉकअप फुल्ल कडक कर. फेब्रुवारीत परत जायचंय. करू का?"

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. स्प्रॉकेटचं निम्मं बरोबर आहे, शॉकअपचं साफ चूक. आणि दोन्ही एकाच रात्री केलंस तर कशाने काय झालं हे तुलाही कळणार नाही आणि मलाही सांगता येणार नाही. हे मी स्वतः भोगलेलं आहे, म्हणून आधी ते सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर एका मुलाची गाडी माझ्याकडे होती. आदल्या रात्री पुढचा एक दाता कमी केला, चेन ताणली, गाडी स्टँडवर असताना बोटाने हलवून बघितली. मस्त वाटली. सकाळी पहिल्या सेशनहून पोरगा आला तो हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागला, "मागून लाथा मारतेय." मी रिबाउंड, म्हणजे दाबलेला शॉकअप परत उघडताना लागणारा अडसर, सोडला. पुढच्या सेशनला तेच. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीपासून जेवढी दाबून ठेवतात ते, उतरवला. मग टायरची हवा कमी केली. दुपारपर्यंत शॉकअपचा एकही स्क्रू मूळ जागी नव्हता आणि मुलाचा लॅप टाइम दीड सेकंदाने घसरला होता. संध्याकाळी पॅकिंग करताना चेनला हात लागला तर चटका बसला, आणि पुढच्या स्प्रॉकेटमागच्या सीलमधून तेल पाझरत होतं. शॉकअप बिचारा निर्दोष. चेनच इतकी घट्ट होती की चाक एका मर्यादेपुढे वर जाऊच शकत नव्हतं.

कारण सोपं आहे. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, ज्या बोल्टवर फिरतो तो आणि पुढचं स्प्रॉकेट यांची केंद्रं एक नाहीत. चाक वर जाताना पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात त्या क्षणी पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त असतं, म्हणून चेन सगळ्यात घट्ट असते. स्टँडवर लोंबकळत्या चाकाला जी ढिलाई दिसते ती खोटी. म्हणून कोणतंही स्प्रॉकेट बदललं की सीटवरून रॅचेटचा पट्टा टाकून मागची बाजू दाबायची, ते तिन्ही बिंदू रेषेत आणायचे, आणि तिथे चेन बोटाने सेंटिमीटरभर तरी हलतेय ना ते बघायचं. पट्टा नसेल तर दोन जाड मित्र बसव. तेव्हापासून मी पट्टा टूलबॉक्सच्या वरच्याच कप्प्यात ठेवतो.

आता तुझी गाडी. सुरुवात सॅगपासून, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

सॅग म्हणजे गाडी वजनाने किती बसते. तीन मापं घ्यायची. मागचा एक्सल आणि त्याच्या बरोबर वर टेल पॅनलवर चिकटपट्टीची एक खूण, या दोहोंतलं अंतर. पहिलं माप चाक हवेत असताना. दुसरं, गाडी नुसती जमिनीवर उभी. तिसरं, तू वर बसलेला, पण जीन्स-टीशर्टवर नाही. सूट, बूट, हेल्मेट, बॅक प्रोटेक्टर सगळं घालून, पाय फुटपेगवर, ट्रॅकवर बसतोस तसा. हे सामान सहज आठ-दहा किलो भरतं, म्हणजे स्प्रिंगच्या लेखी तू ७८ चा नाहीस, ८७-८८ चा आहेस. एक मित्र पुढून हँडल धरेल, दुसरा टेप धरेल.

यात एक गोम आहे. सील आणि बुशिंगच्या घर्षणामुळे शॉकअप आणि फोर्क नेमके एकाच जागी थांबत नाहीत. म्हणून तिसरं माप दोनदा घ्यायचं: एकदा गाडी खाली दाबून हळूच सोडून, एकदा वर उचलून हळूच सोडून. समजा चाक हवेत असताना ५६५ मिलिमीटर होतं, दाबून सोडल्यावर ५१८ आलं, उचलून सोडल्यावर ५२६. मधलं धर, ५२२. सॅग ४३. दोन मापांत दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आधी सील, बुश बघायचे, सेटिंग नंतर.

तुझ्या गाडीला मागे १५० मिलिमीटर आणि पुढे १२५ मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक एकूण तेवढं वरखाली होतं. ट्रॅकसाठी, रायडर बसलेला असताना, मागे ३५ ते ३८ आणि पुढे ३० ते ३५ इथून मी सुरुवात करतो. मागच्या शॉकअपला पायऱ्यांची रिंग आहे, हूक पान्याने एकेक पायरी वाढव आणि दर वेळी मोज.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज आमच्या धंद्यात माझ्या आधीपासून आहे आणि माझ्यानंतरही राहील. स्प्रिंग तेवढीच राहते, फक्त गाडी वर उभी राहते. रिंग पार शेवटच्या पायरीला नेलीस तर गाडी स्वतःच्या वजनाने मागे जवळजवळ बसणारच नाही. मग ब्रेक मारताना मागचं वजन हलकं झालं की चाकाला खाली यायला जागाच उरत नाही, ते रस्ता सोडून टकाटक उड्या मारतं. म्हणून "फुल्ल कडक कर" मला मान्य नाही. उलट दुसरं माप हेच तुला स्प्रिंगबद्दल खरं सांगेल: तू बसल्यावरचा सॅग ३६ वर आणून ठेवलास आणि नुसत्या गाडीचा सॅग पाचच्या खाली गेला, तर स्प्रिंग तुझ्या वजनाला मऊ आहे, रिंग फिरवून काही होणार नाही. सात ते पंधराच्या दरम्यान असेल तर यंदा त्याच स्प्रिंगवर चालव आणि पैसे टायरवर घाल.

तुझी बाहेर जाण्याची तक्रार बहुधा इथेच मिटेल. थ्रॉटल उघडला की वजन मागे जातं, आधीच बसलेला शॉकअप आणखी बसतो, पुढचं चाक हलकं होतं, फोर्कचा कोन पसरतो आणि गाडी वळायचं सोडून सरळ निघते. मागून पाच-सहा मिलिमीटर वर आली की तोच कॉर्नर आत राहतो. आधी हे करून बघ. हँडल घट्ट धरून गाडी ओढायची सवय असेल तर मात्र शॉकअप काही करू शकत नाही, तेवढं मित्राला मागून व्हिडिओ काढायला सांगून तपास.

फोर्ककडे ये. ४३ मिलिमीटरचा आहे, दिसायला भारदस्त, पण बाहेरून फिरवायला त्यावर काही नाही. तो उलटा फोर्क आहे, म्हणजे चकचकीत नळी खाली. तिच्यावर एक झिप टाय घट्टसर बांध आणि वर डस्ट सीलला टेकव. एक सेशन चालवून ये. सगळ्यात जोराच्या ब्रेकला टाय जिथपर्यंत ढकलला गेला तिथपासून खाली एक्सलच्या कास्टिंगपर्यंत किती नळी उरली ते बघ. दहा-पंधरा मिलिमीटर उरली असेल तर फोर्क त्याचं काम करतोय, "पार खाली बसतो" हा तुझा भास आहे. फोर्क बसायलाच हवा. त्यानेच पुढचा कोन उभा होतो आणि गाडी कॉर्नरला आत पडते. टाय कास्टिंगला जाऊन टेकला असेल आणि ब्रेकच्या शेवटी हँडलमध्ये ठक् जाणवत असेल, तर खरंच तळ लागतोय.

तळ लागत असेल तर दोन शक्यता. पुढचा सॅग ४० च्या वर असेल तर स्प्रिंगच मऊ आहे, तुझ्या वजनाची स्प्रिंग घाल. सॅग ठीक असून फक्त शेवटी ठक् होत असेल तर फोर्कमधल्या तेलाची पातळी पाच-दहा मिलिमीटर वाढव. तेल वर आलं की वरची हवेची पोकळी लहान होते, आणि दाबली गेल्यावर तीच शेवटच्या टप्प्यात दुसरी स्प्रिंग होते. सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. मात्र जाड तेल घालून डाइव्ह (ब्रेकला पुढून बसणं) कमी करायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून दे. जाड तेलाने फोर्क खाली जायलाही वेळ घेतो आणि वर यायलाही. लागोपाठ तीन उंचवटे आले की पहिल्यानंतर वर येईपर्यंत दुसरा, दुसऱ्यानंतर वर येईपर्यंत तिसरा, आणि फोर्क बसलेलाच राहून लाकडासारखा होतो. रायडर येऊन सांगतो "फोर्क कडक आहे", आणि मेकॅनिक आणखी मऊ करायला जातो.

टी-मधून (हँडलखाली फोर्क धरणाऱ्या पट्टीतून) फोर्कच्या नळ्या वरखाली करून गाडी चपळ करता येते हे तुला यूट्यूबवर दिसेलच. यंदा नको.

आता दाते, कारण तुझा मूळ प्रश्न तोच आहे.

कंपनीचं गणित पुढे १५, मागे ४५, म्हणजे बरोबर ३. इंजिनातलं प्रायमरी, म्हणजे क्रँकपासून क्लचपर्यंतचं, ३०:८०. आतले गियर दुसऱ्यापासून १४:२६, १९:२७, २१:२४, २३:२२, २५:२१. चाकाचा घेर स्वतः मोज: व्हॉल्व्ह खाली आण, जमिनीवर खडूची खूण, गाडीवर बसून एक फेरा पुढे, पुन्हा खूण. १५०/६० टायरला १.९ मीटरच्या आसपास येईल. एवढ्यावर कोणत्या आरपीएमला कोणता वेग हे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं, आणि ते स्पीडोमीटरपेक्षा खरं असतं.

मी करून देतो. या इंजिनाची कमाल ताकद ९,५०० ला आहे. तिथे दुसऱ्यात ७३, तिसऱ्यात ९५, चौथ्यात ११८, पाचव्यात १४१ आणि सहाव्यात १६१ किलोमीटर. दुसऱ्यातून तिसरा ९,५०० ला टाकलास तर इंजिन ७,२७० च्या आसपास उतरतं, आणि कमाल टॉर्क ७,२५० ला आहे. ज्याने हे गियर कापले त्याने काम चोख केलंय. चाकणला बनलेली गाडी म्हणून थोडा अभिमान मीही बाळगतो, पण इथे दाद डिझाइनवाल्याला.

तुझे ८,६०० म्हणजे सहाव्यात खरे १४६. त्याच वेगाला पाचव्यात ९,८०० होतात. म्हणून स्प्रॉकेट विकत घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग: एक सेशन सहावा टाकूच नकोस, पाचव्यातच शेवटपर्यंत जा. ब्रेकच्या खुणेपाशी वेग तेवढाच भरला, तर तुझा सहावा गियर आज फक्त पेट्रोल वाचवतोय.

पण टॉप स्पीडसाठी दाते निवडायचेच नाहीत, निदान तुझ्यासारख्याने तरी नाही. दाते निवडायचे कॉर्नरसाठी, आणि त्यातही ज्या कॉर्नरनंतर लांब स्ट्रेट येतो त्यासाठी. तिथून बाहेर पडताना मिळालेले तीन किलोमीटर पुढचा अख्खा स्ट्रेट तुझ्याजवळ राहतात. तुझ्या ओरडणाऱ्या-झोपणाऱ्या कॉर्नरचा व्हिडिओ बघ. तिसऱ्यात सगळ्यात कमी किती आरपीएम होतात? समजा ६,२००. म्हणजे वेग ६२. तोच वेग दुसऱ्यात ८,०८० होतो, आणि ७३ ला ९,५०० पूर्ण. म्हणजे दुसरा ठेवलास तर अकरा किलोमीटर वाढले की गाडी अजून झुकलेली असतानाच गियर टाकायची वेळ येते. हे नको असतं. अडचण तुझ्या हातांची नाही, दोन गियरच्या मधल्या खड्ड्याची आहे.

मागे ४८ टाकले तर त्याच ६२ ला तिसऱ्यात ६,६०० होतात. चारशे आरपीएम ऐकायला किरकोळ वाटतात, पण चाकावरची ओढ त्याखेरीज साडेसहा टक्क्यांनी वाढते. स्ट्रेटच्या शेवटी १४६ ला सहाव्यात ९,१७० येतील. पुढच्याच्या मागे हवेत लपून दहा किलोमीटर जास्त मिळाले तर पार ९,८०० ला जाशील. तिथे फारशी शिल्लक उरत नाही.

म्हणून मी ४७ म्हणेन. कारण तू शिकतोयस. दोन दिवसांत ६२ चा कॉर्नर ६८ ने घ्यायला लागशील, आणि मग कंपनीच्या ४५ वरही तिसऱ्यात ६,७८० येतात, झोप आपोआप कमी. आजच्या तुला बेतून ४८ टाकलेस तर दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी लिमिटरला, म्हणजे इंजिन ज्या आरपीएमला स्वतःला रोखतं तिथे, टेकायला लागेल. ४७ दोन्हीकडून चालतं: ६२ ला ६,४५०, ६८ ला ७,०८०, स्ट्रेटला ८,९८०.

गॅरेजवाल्याच्या १४ बद्दल. १४/४५ म्हणजे ३.२१४, आणि १५/४८ म्हणजे ३.२. जवळजवळ तेच, आणि पुढचं स्प्रॉकेट स्वस्त, बदलायला सोपं. त्याचा सल्ला वेडा नाही. पण पुढच्या एका दात्याने गुणोत्तर सात टक्के उडी मारतं, मागच्या एका दात्याने दोन-सव्वादोन टक्के सरकतं. शिवाय लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, झिजते, आणि स्विंगआर्मवरच्या रबराला घासत चालते. ४८ जमतंय का हे एका दिवसात पाहायचं असेल तर १४ लाव, चाचणी म्हणून. कायमचं मागूनच कर.

आता ज्या गोष्टीसाठी मी करीची कथा सांगितली ती इथे येते. ५२० ची चेन १५.८७५ मिलिमीटर पिचची असते, म्हणजे एका पिनपासून दुसरीपर्यंत तेवढं अंतर. तीच चेन ठेवून मागे एक दाता वाढवला की चाक साधारण ४ मिलिमीटर पुढे सरकतं. ४७ ला आठ, ४८ ला बारा. तुझ्या गाडीचा व्हीलबेस १,३४० आहे, म्हणजे आठ मिलिमीटरने जग बदलत नाही, पण स्विंगआर्म तेवढा आखूड होतो, चेनचा वरचा पदर थोडा वेगळ्या कोनात ओढतो आणि थ्रॉटलला मागची बाजू किंचित कमी बसते. तुला तेच हवं आहे! म्हणजे रिंगच्या दोन पायऱ्यांनी जे मिळवायला निघालास त्यातलं थोडं स्प्रॉकेटनेच दिलं. म्हणून स्प्रॉकेट बसलं की चेन पट्ट्याखाली पुन्हा तपास आणि सॅग पुन्हा मोज. जुनी चेन ताणलेली असेल तर ॲडजस्टर आधीच मागे गेलेला असतो, जागा मिळेल. नवीकोरी असेल तर ४८ ला कदाचित पुरणार नाही, हे पुण्यातच बघून घे. लहान गियरिंगमुळे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन ब्रेकिंगही जरा वाढेल. तुझ्या गाडीला स्लिपर क्लच आहे, तो गियर पाडताना मागच्या चाकाला बसणारा झटका कमी करतो, तरी एकदम दोन गियर पाडून क्लच फेकू नकोस.

टायरच्या हवेबद्दल लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तिचा परिणाम मात्र सगळ्यात आधी होतो. टायर कंपनीने ट्रॅकसाठी दिलेला आकडा असेल तर तो धर, आणि माप सेशनहून आल्याबरोबर, गरम टायरवर घे. टायरमधली हवा दर दहा अंश तापली की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. चेन्नईत सकाळी आठला भरलेली हवा दुपारी एकला तीच नसते. "दुपारी गाडी घसरायला लागली" असं सांगणाऱ्या दहांपैकी सहा-सातांना मी फक्त गेज देतो.

इतर ट्रॅकचं विचारशील म्हणून. तुझं चेन्नईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७१७ किलोमीटरचं आहे. करी २.१ चं, तिथे याच गाडीला मी ४८-४९ लावीन. ग्रेटर नोएडाच्या बुद्धला एकच स्ट्रेट किलोमीटरच्या वर आहे, तिथे ४५ ला हात लावणार नाही. २०२३ ला मोटोजीपी तिथे आली होती. त्या गाड्यांना गिअरबॉक्समधले गियरही ट्रॅकप्रमाणे बदलता येतात. आपल्याकडे फक्त मागची चकती आहे, त्यामुळे एका कॉर्नरला न्याय दिला की दुसऱ्यावर थोडा अन्याय होतोच. कोणत्या कॉर्नरवर अन्याय परवडतो हे तूच ठरवायचं.

पुण्याहून निघण्याआधी सॅग करून घे. पहिल्या दिवशी सकाळी ४५ वरच चालव, फक्त झिप टाय आणि आरपीएम मीटरवर रोखलेला कॅमेरा. दोन सेशननंतर पाचव्या गियरचा प्रयोग. जेवणाच्या सुट्टीत ४७. त्यानंतर संध्याकाळपर्यंत शॉकअपला हात लावायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. वहीत प्रत्येक सेशनला वेळ, तापमान, हवा, दाते, रिंगची पायरी आणि एक वाक्य, "काय वाटलं". ४८ डिकीत असू दे. एक्सलसाठी टॉर्कचा पाना स्वतःचा ने, पॅडॉकमध्ये मागितला की तो नेहमी नुकताच दुसऱ्याने नेलेला असतो.

पुण्यातून निघणारा ४८ नंबरचा महामार्गच तुला इरुंगाट्टुकोट्टईपर्यंत, म्हणजे ट्रॅकच्या गावापर्यंत, नेतो, चेन्नई शहरात शिरायचीही गरज नाही. टेम्पोत गाडी बांधताना फोर्क पार दाबून बांधू नकोस, अर्ध्यावर थांब. बाराशे किलोमीटर दाबून ठेवलेल्या सीलने नंतर तेल सोडलं तर तो दोष तू पुन्हा ट्रॅकवर शोधत बसशील.